शाळांचा पट समतोल करायचा तर कुठून सुरुवात करायची: बडोद्याच्या पालक समित्यांसाठी

दरवर्षी मे महिन्यात कुणा ना कुणा पालकाचा फोन येतो. "ताई, आमची शाळा पलीकडच्या शाळेत जोडणार म्हणे. उद्या शिक्षण समितीच्या कचेरीवर जाऊ या का?" जायला हरकत काहीच नाही, पण तोवर शिक्षकांच्या बदल्या, खोल्या, पाळ्या हे सगळं कागदावर उतरलेलं असतं. तिथे जाऊन "आमचं ऐका" म्हटलं की पहिला प्रश्न येतो, "तुमच्याकडे आकडे काय आहेत?" आणि आपण एकमेकांची तोंडं बघतो.

एकीकडे एका तुकडीत पंचावन्न मुलं मांडीला मांडी लावून बसतात, आणि पंधरा मिनिटांच्या वाटेवरच्या शाळेत तीन इयत्ता मिळून एकच बेन (शिक्षिका) शिकवतात. हे बदलायलाच हवं. चूक होते ती क्रमात. आधी निर्णय, मग सभा, मग आकडे असा उलटा प्रवास होतो. खाली दिलेला क्रम नगर प्राथमिक शिक्षण समितीच्या, म्हणजे महापालिकेच्या, पहिली ते आठवीच्या शाळांसाठी आहे. क्रम मोडू नका, बाकी आपापल्या भागाप्रमाणे बदल करा.

आधी कॅलेंडर

काम सप्टेंबरात सुरू करा. शाळांची यूडायस प्लसची (देशभरातल्या शाळांच्या सरकारी नोंदणीची) माहिती ३० सप्टेंबर ही तारीख धरून भरली जाते, म्हणजे आपली मोजणी आणि शाळेची मोजणी एकाच सुमाराची होते. नवरात्रीच्या नऊ रात्री बडोद्यात संध्याकाळी कुणी सभेला येणार नाही, ते दिवस सोडून द्या. दिवाळीची सुट्टी संपली की सभा घ्या आणि डिसेंबरच्या मध्यापर्यंत ठराव करा. घाईचं कारण असं की शाळेचा विकास आराखडा आर्थिक वर्ष संपण्याच्या किमान तीन महिने आधी तयार असावा, असं शिक्षणहक्क कायद्याच्या केंद्राने केलेल्या नमुना नियमांत आहे. आपली मागणी त्या आराखड्यात गेली नाही, तर तिला कचेरीत जागाच मिळत नाही.

## टप्पा १: एक शाळा नव्हे, एक भाग घ्या

एकट्या शाळेचा पट समतोल होत नाही. एकमेकींपासून चालत जाता येतील अशा तीन-चार शाळा एकत्र घ्या. एकाच इमारतीत सकाळच्या पाळीत एक आणि दुपारच्या पाळीत दुसरी शाळा भरत असेल, तर त्या दोन शाळा धरा. गुजराती, मराठी, हिंदी, इंग्रजी अशी सगळी माध्यमं धरा. आपलं माध्यम तेवढं वेगळं काढलं की पुढचे सगळे हिशोब चुकतात.

मग माणसं. शिक्षणहक्क कायद्याच्या कलम २१ प्रमाणे शाळा व्यवस्थापन समितीत (एसएमसी) तीन चतुर्थांश सभासद पालक असावे लागतात आणि एकूण सभासदांत निम्म्या स्त्रिया. वंचित आणि दुर्बल घटकांतल्या पालकांना त्यांच्या प्रमाणात जागा असते. प्रत्येक शाळेच्या एसएमसीतून तीन-तीन पालक घ्या. त्यांत अंगणवाडीच्या बेन, मध्यान्ह भोजन शिजवणारी एखादी बाई आणि मुलांची ने-आण करणारा रिक्षावाला जोडा. कुठलं मूल कधीपासून येत नाही हे या तिघांना हजेरीपुस्तकाच्या आधी कळतं.

*सावध:* आपल्या या पालक समितीत सगळे भरलेल्या शाळेचेच पालक आले तर थांबा. रिकाम्या होत चाललेल्या शाळेचे पालक निम्मे असल्याशिवाय पुढे जाऊ नका. बदलाचा भार बहुतेक वेळा त्यांच्याच मुलांवर पडतो.

## टप्पा २: शाळेच्या आतली मोजणी

प्रत्येक शाळेच्या आचार्यांकडून (मुख्याध्यापकांकडून) एका पानावर एवढं घ्या: इयत्तावार पट, वापरातल्या खोल्या, पाळीची वेळ, शिक्षकांची मंजूर आणि भरलेली पदं, आणि सहावी ते आठवीला कोणत्या विषयाचे शिक्षक आहेत. शाळेचा अकरा आकडी यूडायस कोड मागून घ्या. त्यावरून शाळेची जाहीर माहिती संकेतस्थळावर कुणालाही पाहता येते. दोन्ही ताडून पाहा. आकडे द्यायला टाळाटाळ झाली तर माहिती अधिकाराचा अर्ज करा, त्याला ३० दिवसांत उत्तर द्यावं लागतं.

पट एवढा एकच आकडा धरून बसू नका. वेगवेगळ्या तीन दिवशी, त्यात एक सोमवार आणि एक शनिवार, प्रत्यक्ष हजर मुलं मोजा. पट ४० आणि हजेरी २६ असेल तर तो प्रश्न शाळा जोडून सुटणार नाही.

आता शिक्षकांचा हिशोब. इथे सगळ्यात जास्त चुका होतात, म्हणून सविस्तर देते. कायद्याच्या परिशिष्टात पहिली ते पाचवीसाठी किमान प्रमाण असं आहे: ६० मुलांपर्यंत २ शिक्षक, ६१ ते ९० ला ३, ९१ ते १२० ला ४, १२१ ते २०० ला ५. दीडशेच्या वर मुख्य शिक्षक वेगळा. दोनशेच्या वर, मुख्य शिक्षक सोडून, दर ४० मुलांमागे एक. सहावी ते आठवीला प्रत्येक इयत्तेला किमान एक शिक्षक आणि दर ३५ मुलांमागे एक, आणि त्यांत विज्ञान-गणित, सामाजिक शास्त्र आणि भाषा यांचा प्रत्येकी एक तरी हवा.

उदाहरण म्हणून दोन शाळा घ्या. 'अ'मध्ये पहिली ते पाचवीत ५८ मुलं, 'ब'मध्ये २१२. आहे तसं ठेवलं तर 'अ'ला २ आणि 'ब'ला ६, म्हणजे भागाला ८ शिक्षक. 'अ' बंद करून सगळी मुलं 'ब'मध्ये नेली तर २७० मुलांना ७ शिक्षक. म्हणजे "शाळा मोठी होईल, शिक्षक वाढतील" हे वाक्य इथे खोटं ठरतं, भागाचा एक शिक्षक कमी होतो. आता तिसरा हिशोब करा. 'अ'च्या जवळ राहणारी पण 'ब'मध्ये जाणारी चारच मुलं 'अ'मध्ये आली. 'अ'चा पट ६२ झाला, म्हणजे ३ शिक्षक. 'ब'मध्ये २०८ उरली, तिथे अजूनही ६. भागाला ९ शिक्षक मिळाले आणि 'ब'चं काहीच गेलं नाही.

हा हिशोब फळ्यावर मांडून दाखवला की सभेतला अर्धा तणाव उतरतो. मी हे दोन वेगवेगळ्या वस्त्यांत पाहिलंय. "आमची मुलं त्यांना का द्यायची" म्हणणारे काका स्वतःच खडू घेऊन पुढचे आकडे मांडायला लागले.

*सावध:* ही चार मुलं खरी असली पाहिजेत, खरोखर तिथे बसून शिकणारी. वध-घट कॅम्पच्या (पटाप्रमाणे जादा-कमी शिक्षक हलवायच्या शिबिराच्या) आधी पट फुगवायला नुसती नावं घालायची सवय काही ठिकाणी आहे. त्यात पडू नका. तपासणीत पकडलं गेलं की पुढची खरी मागणीही कुणी ऐकत नाही.

*तपासा:* परिशिष्टात प्रत्येक शिक्षकामागे किमान एक वर्गखोली हवी असंही आहे. शिक्षक मंजूर झाले आणि खोली नसली तर एकाच खोलीत दोन तुकड्या पाठीला पाठ लावून बसतात.

## टप्पा ३: घरोघरी जा आणि वाट स्वतः चाला

आपल्या हद्दीतल्या चौदा वर्षांपर्यंतच्या प्रत्येक मुलाची नोंद ठेवणं हे कलम ९ प्रमाणे स्थानिक संस्थेचं काम आहे. ती नोंद मागाच, पण तिच्यावर विसंबून राहू नका. दोघादोघांच्या जोड्या करा, एक जण भरलेल्या शाळेचा, एक रिकाम्या शाळेचा. संध्याकाळी सातनंतर जा, दिवसा घरी म्हातारी माणसं आणि लहानगी सोडून कुणी भेटत नाही. पोळातल्या (जुन्या गल्ल्यांतल्या) आणि वाड्यांतल्या घरांबरोबर चाळी, आवास योजनेच्या इमारती आणि बांधकामाच्या साइटवरची पत्र्याची घरंही धरा.

दाहोद, पंचमहाल, छोटा उदेपूरकडून कामाला येणारी कुटुंबं दिवाळी आणि होळीला गावी जातात. सप्टेंबरात मोजलेली साइट डिसेंबरात वेगळी असते. म्हणून साइटवर दुसरी फेरी डिसेंबरच्या पहिल्या आठवड्यात मारा. "ही मुलं काय, दोन महिन्यांत जातील" म्हणून त्यांना वगळणं ही सर्रास होणारी चूक आहे. वयाचा पुरावा नाही म्हणून प्रवेश नाकारता येत नाही, वर्ष सुरू झाल्यावर आलेल्या मुलालाही नाही. जागा ठरवताना ती मुलं मोजलेली नसली की डिसेंबरात त्यांच्यासाठी बाकच नसतो.

घरी पाचच प्रश्न विचारा. घरात कोणत्या वयाची किती मुलं? कोणत्या शाळेत, कोणत्या पाळीत? कुणाबरोबर आणि कसं जातात? शाळा बदलली असेल तर का? जवळच्या शाळेत काय असतं तर तिथे घातलं असतं? आधार कार्ड, जात, पगार यांतलं काहीही विचारू नका. तो कागद निघाला की पुढच्या दहा घरांची दारं बंद होतात.

पाचव्या प्रश्नाचं उत्तर शब्दशः लिहून घ्या. "सोय चांगली हवी" असं स्वतःच्या भाषेत लिहू नका. एका आईने मला सांगितलं होतं, "मुलींच्या संडासाला आतून कडी नाही, म्हणून सातवीपासून तिकडे काढलं." नकाशा, माध्यम, शिक्षक यावर आम्ही तीन आठवडे बोलत होतो आणि त्या गल्लीतल्या मुली एका कडीसाठी दीड किलोमीटर जात होत्या.

मग वाट. पहिली ते पाचवीची शाळा घरापासून एक किलोमीटरच्या आत आणि सहावी ते आठवीची तीन किलोमीटरच्या आत असावी, असा सर्वसाधारण निकष आहे. फोनवरचा नकाशा अंतर सांगतो, वाट दाखवत नाही. बडोद्याला मधोमध रेल्वेचे रूळ आहेत, विश्वामित्री आहे. रुळांपलीकडची शाळा नकाशावर सातशे मीटरवर दिसते, पण गरनाळ्यापर्यंत (रुळांखालच्या रस्त्यापर्यंत) जाऊन वळसा घातला की दुप्पट होते. पावसात गरनाळं भरलं की मग वाटच नाही. ऑगस्ट २०२४ च्या पुरानंतर हे कुणाला समजावून सांगायची गरज नाही.

प्रस्तावित शाळेपर्यंतची वाट एका मुलाला बरोबर घेऊन चाला, शाळेच्याच वेळी, दप्तरासकट. मोठ्या माणसाची वीस मिनिटं पहिलीच्या मुलाची पस्तीस होतात. रस्ता कुठे ओलांडावा लागतो, तिथे सिग्नल आहे का, दुपारची पाळी सुटल्यावर हिवाळ्यात उजेड किती असतो, हे लिहून ठेवा.

*तपासा:* भावंडं. ताई सकाळच्या पाळीत आणि भाऊ दुपारच्या पाळीत अशी विभागणी झाली की भावाला सोडायला आणि आणायला ताईच जाते, आणि तिची शाळा बुडते. प्रत्येक पर्यायात किती घरांची भावंडं तुटतात याचा वेगळा आकडा काढा.

## टप्पा ४: सोयींची यादी, आणि त्या कुणाला मिळतात

पट हलतो तो बहुतेक सोयींमागे. एका शाळेत संगणक खोली, ज्ञानकुंजचा (डिजिटल फळ्याचा) वर्ग, विज्ञानाची प्रयोगशाळा, इंग्रजी माध्यमाची तुकडी, बालवाटिका (पहिलीच्या आधीचा वर्ग), आणि दुसऱ्या शाळेत यातलं काहीच नाही. मग पालक चालत जाऊन, रिक्षा लावून पहिल्या शाळेत जातात. ज्यांना रिक्षा परवडत नाही ते मागे राहतात. म्हणून माझं ठाम मत आहे की मुलं हलवायच्या आधी सोयी हलवून बघा. प्रयोगाचं साहित्य पेटीत घालून आठवड्यातून दोन दिवस नेता येतं. एका शाळेतली संगणक खोली दुसऱ्या शाळेच्या मुलांना ठरलेल्या तासाला वापरता येते. सहावी ते आठवीत शंभरावर मुलं असतील तर कला, शारीरिक शिक्षण आणि कार्यानुभवासाठी अर्धवेळ शिक्षकांची तरतूद कायद्यातच आहे. राष्ट्रीय शिक्षण धोरण २०२० मध्ये जवळच्या शाळांनी साधनं वाटून घ्यावीत, असं शाळा संकुलाच्या कल्पनेत सांगितलेलं आहे. अर्जात त्याचा उल्लेख करा.

यादीत प्रत्येक सोयीपुढे दोन रकाने ठेवा: कुठे आहे, आणि गेल्या महिन्यात कोणत्या इयत्तांनी प्रत्यक्ष वापरली. कुलूप लावलेली खोली सोय धरू नका. दिव्यांग मुलांसाठी रॅम्प आणि विशेष शिक्षक कोणत्या दिवशी येतात तेही लिहा. ४० टक्के किंवा त्याहून जास्त दिव्यांगत्व असलेल्या मुलाला १८ वर्षांपर्यंत जवळच्या शाळेत मोफत शिक्षणाचा हक्क २०१६ च्या कायद्याने आहे. रॅम्प असलेली शाळा बंद करून पायऱ्यांच्या शाळेत जोडली, तर तो हक्क नुसता कागदावर राहतो.

मराठी माध्यमाबद्दल वेगळं बोलायला हवं, कारण आपल्या लोकांचं सगळ्यात जास्त मन इथे दुखतं. दांडिया बाजार, बाबाजीपुरा, वाडी या भागांत घरात मराठी बोलणारी कुटुंबं भरपूर आहेत, तरी मराठी वर्गाचा पट कमी असतो. सभेत लगेच "आपली भाषा, आपली शाळा" सुरू होतं. ती भावना माझीही आहे. पण मराठी बोलणारं घर म्हणजे मराठी माध्यम हवं असलेलं घर, असं धरून आकडे मांडू नका. प्रत्येक घरी सरळ विचारा: "वहिनी, मराठी वर्ग चालत जाण्याच्या अंतरावर असला आणि शिक्षक पूर्ण असले, तर घालाल का?" जेवढे हो म्हणतील तेवढेच मोजा.

राज्यघटनेचं कलम ३५०-क भाषिक अल्पसंख्याक मुलांना प्राथमिक टप्प्यावर मातृभाषेतून शिक्षणाची सोय द्यायला सांगतं. त्याचा आधार घ्या, पण नावांची यादी बरोबर जोडा. पालकांच्या मनात भीती असते ती गुजरातीची, "मराठीत शिकलं तर इथे पुढे कसं होणार?" गुजरातमध्ये २०२३ च्या कायद्याने पहिली ते आठवी गुजराती शिकवणं सगळ्याच शाळांना बंधनकारक आहे, म्हणजे मराठी माध्यमातलं मूलही गुजराती शिकतंच. हे शांतपणे सांगितलं की बरीच घरं विचार करायला लागतात. आणि मराठी बालवाटिका मागा. पाच वर्षांचं मूल एकदा दुसऱ्या माध्यमाच्या बालवाटिकेत बसलं की पहिलीला परत येत नाही.

## टप्पा ५: सभा, आणि त्यांचा क्रम

पहिली सभा ज्या शाळेचं काही जाण्याची शक्यता आहे तिथे घ्या. दुसरी साइटवर किंवा चाळीत. भरलेल्या शाळेत शेवटी. एकत्र सभा त्यानंतरच. हा क्रम उलटा केला तर पहिल्याच सभेत भरलेल्या शाळेचे बोलके पालक सगळं ठरवून टाकतात आणि बाकीचे मान डोलावून घरी जातात.

आमच्या भागात एकदा असंच झालं होतं. खुर्च्या मांडल्या, माइक आणला, पाहुणे बोलावले. ज्या शाळेबद्दल बोलणं होतं तिथल्या आठ-दहा आया मागे दाराशी उभ्या होत्या. एकीनेही तोंड उघडलं नाही, आणि इतिवृत्तात लिहिलं गेलं की सर्व पालकांची संमती आहे. जूनमध्ये त्यांतल्या निम्म्या मुलांनी नव्या शाळेत पाऊलही टाकलं नाही.

तेव्हापासून सतरंजी आणि गोल बैठक. आकड्यांचं एक पान, गुजराती, मराठी आणि हिंदीत, चार दिवस आधी घरोघर. सभेला निर्णयाचा कागद न्यायचा नाही, फक्त आकडे आणि प्रश्न. आधी आया बोलतील, मग बाकीचे. सहावी-सातवीच्या मुलामुलींनाही दहा मिनिटं द्या, वाट आणि संडास याबद्दल त्यांच्याइतकं खरं कुणी सांगत नाही. प्रत्येक हरकत बोलणाऱ्याच्या शब्दांत लिहून सभेच्या शेवटी मोठ्याने वाचून दाखवा, मगच सह्या घ्या. कोऱ्या कागदावर सह्या कधीच नाहीत.

वॉर्डातल्या चारही नगरसेवकांना एकाच दिवशी एकच पत्र द्या. एकालाच कळवलं की विषय पक्षाचा होतो आणि मुलं बाजूला राहतात.

## टप्पा ६: किमान तीन पर्याय

"जोडायचं की नाही" असा हो-नाहीचा प्रश्न ठेवू नका. आहे तसं ठेवणं, सोयी हलवणं आणि प्रवेशाची हद्द बदलणं हे तीन पर्याय तरी मांडा, गरज असेल तर जोडणं हा चौथा. प्रत्येकापुढे लिहा: किती मुलांची वाट वाढते, किती भावंडं तुटतात, किती मुली दुपारच्या पाळीत जातात, भागाला शिक्षक किती मिळतात.

हद्द बदलायची ठरली तर ती फक्त नव्या पहिलीपासून लागू करा. आज तिसरीत असलेल्या मुलाला पाचवीपर्यंत आहे तिथेच राहू द्या, आणि धाकट्या भावंडाला मोठ्याच्या शाळेत यायची मुभा ठेवा. निकाल दिसायला वेळ लागेल, पण विरोध निम्म्याने कमी होतो.

*तपासा:* ज्या पर्यायात वाढलेली वाट एकाच वस्तीच्या वाट्याला येते, तो बाजूला ठेवा, बाकी सगळे आकडे कितीही चांगले दिसोत.

## टप्पा ७: ठराव आणि अर्ज

प्रत्येक एसएमसीने वेगळा ठराव करायचा, मजकूर एकच. विरोधी मत असेल तर तेही ठरावात नोंदवा. मागणी कलम २२ च्या शाळा विकास आराखड्यात घाला. सगळं शिक्षण समितीच्या शासनाधिकाऱ्यांच्या नावे द्या, प्रत त्याच समितीच्या अध्यक्षांना, आणि आपल्या प्रतीवर आवक क्रमांकासह पोच घ्या. मुलांच्या हक्कासंबंधी लेखी तक्रार असेल तर कलम ३२ प्रमाणे स्थानिक संस्थेने तीन महिन्यांत निर्णय द्यायचा असतो, तारीख डायरीत लिहून ठेवा.

## टप्पा ८: जूनमधले पहिले पंधरा दिवस

बदल मंजूर झाला की बहुतेक समित्या विसर्जित होतात. खरी गळती इथे होते. प्रवेशोत्सवाच्या (नव्या मुलांच्या प्रवेशाच्या सरकारी कार्यक्रमाच्या) आधी हलणाऱ्या प्रत्येक मुलाची नावानिशी यादी करा: जुनी शाळा, नवी शाळा, घर, पाळी. दाखला जुन्या शाळेने लगेच द्यायचा असतो आणि दाखल्याला उशीर झाला म्हणून नवी शाळा प्रवेश अडवू शकत नाही, हे पालकांना आधीच सांगून ठेवा. पहिल्या आठवड्यात वाटेवरच्या अवघड चौकात आळीपाळीने एक पालक उभा राहील अशी पाळी लावा. मध्यान्ह भोजनाचा आकडा वाढवून घेतलाय का ते पहिल्याच दिवशी बघा, नव्याने आलेली मुलं उपाशी परतली की दुसऱ्या दिवशी येत नाहीत.

पंधराव्या दिवशी यादी घेऊन दोन्ही शाळांचे पट समोर ठेवा आणि नाव नाव वाचा. जे नाव दोन्हीकडे सापडत नाही त्या घरी त्याच संध्याकाळी जा, शक्य असेल तर सप्टेंबरात त्या घरी गेलेली जोडीच.